गोव्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताना: जाहिरातीत नसलेला हिशेब

मांडवीवरचा अटल सेतू २०१९ साली खुला झाला, २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि त्याच सुमारास नव्या जुवारी पुलावरूनही वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून पर्वरीपासून पेडण्यापर्यंतच्या रस्त्यांवर घरांच्या जाहिरातींचे फलक वाढतच गेले आहेत. त्यांतला एक दावा सामान्य माणसाच्या मनात घर करून बसतो, तो म्हणजे फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, भाड्यातूनच कर्जाचा हप्ता फिटेल. निवृत्तीची रक्कम हातात आलेले शिक्षक, बोटीवरची नोकरी संपवून परतलेले खलाशी, आखातात कमावलेला पैसा कुठे ठेवावा या विचारात असलेली कुटुंबे, हे सगळे या दाव्याचे ग्राहक असतात. त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीचा हा प्रश्न असल्यामुळे तो दावा आकडे मांडून तपासणे आवश्यक आहे.

घर घेऊन भाड्याने देणे ही जेवढी गुंतवणूक आहे, तेवढाच तो एक लहानसा धंदा आहे. त्यात पैसा लागतो, आणि शिवाय वेळ, लक्ष आणि जागेवर हजर असलेले माणूसही लागते. या दुसऱ्या गोष्टींचे मोल ज्याने हिशेबात धरले नाही, त्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतच आकडे जुळेनासे होतात.

भाडे आणि उत्पन्न यांतले अंतर

ज्यांच्या घरी भाट, म्हणजे नारळाची बाग, आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाडणीला किती नारळ उतरले यावरून भाटाचे उत्पन्न कोणी ठरवत नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याची मजुरी, खत, कुंपणाची डागडुजी आणि वानरांनी फुकट घालवलेले नारळ वजा केल्यावर जे उरते तेच उत्पन्न. भाड्याचेही तसेच आहे. पूर्ण भाड्याला एकूण उत्पन्न म्हणू आणि सगळा खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेला निव्वळ उत्पन्न म्हणू. जाहिरात नेहमी पहिल्याविषयी बोलते. घरात येते ते दुसरे.

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे मानीव आहेत, वाचकाने आपल्या भागातले घालून पाहावेत. पर्वरीला दोन बेडरूमचा फ्लॅट ८० लाखांना घेतला, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाची फी आणि किरकोळ सामान यांवर आणखी ८ लाख गेले, म्हणजे गुंतवणूक ८८ लाखांची झाली. भाडे महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख. आता सोसायटीचा मेन्टेनन्स वर्षाला ३६,०००, घरपट्टी ५,०००, भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला त्याचे २५,०००, नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे २५,००० आणि रंग, नळ, गिझर, दुरुस्ती यांचे ३०,००० धरू. खर्चाची बेरीज १,२१,००० होते आणि हाती १,७९,००० उरतात. ८८ लाखांवर हा परतावा जेमतेम दोन टक्के आहे. बँकेची मुदत ठेव यापेक्षा बरेच अधिक देते, आणि ठेवीच्या नळाला गळती लागत नाही.

भाडेकरू तीन वर्षे टिकला तर दलाली आणि रिकामा महिना दर वर्षी लागत नाही, त्यामुळे परतावा थोडा सुधारतो. म्हणूनच चांगल्या भाडेकरूकडून दर वर्षी हजार-दीड हजार वाढवून घेण्याच्या आग्रहापेक्षा त्याला टिकवून ठेवणे बहुधा अधिक फायद्याचे असते. अनेक घरमालक नेमके याच्या उलट वागतात.

कर्ज काढून घेतले तर

वरच्या फ्लॅटसाठी ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ५२,००० रुपये येतो. निव्वळ भाडे महिन्याला १५,००० च्या आत आहे. म्हणजे सदतीस हजारांच्या आसपासची रक्कम दर महिन्याला पगारातून घालावी लागते, आणि घर रिकामे असेल त्या महिन्यात पूर्ण हप्ता. भाड्यातून हप्ता फिटतो हे विधान एवढ्या कर्जावर खरे ठरत नाही. किमतीचा मोठा वाटा स्वतःच्या खिशातून भरला असेल आणि कर्ज अगदी थोडे असेल, तरच ते खरे होऊ शकते.

कागदपत्रे: विकणारा बहुधा एकटा नसतो

गोव्यात घर घेणाऱ्याने सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी, कारण येथली व्यवस्था शेजारच्या महाराष्ट्राहून किंवा कर्नाटकाहून वेगळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा गोव्याने कौटुंबिक बाबतीत चालू ठेवला आणि वारसाहक्काच्या तरतुदी पुढे २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यात आणल्या. या व्यवस्थेत, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे फ्लॅट एकाच्याच नावावर असला तरी विक्रीला दोघांची संमती लागते. शिवाय मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी कायद्याने राखीव असतो. बापाने मृत्युपत्र करून सगळे घर एकाच मुलाला दिले, एवढ्याने बाकीच्यांचा हक्क बुडत नाही. आजोबांच्या नावची जमीन असेल तर सगळ्या वारसांची आणि त्यांच्या जोडीदारांची सांगड घालावी लागते, आणि त्यांतले कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी मस्कतला असते. या वाटपासाठी न्यायालयात चालणाऱ्या कामाला येथे सगळे 'इन्व्हेंटरी' म्हणतात. ती पूर्ण झालेली नसेल, किंवा सर्व वारसांचा रीतसर दस्त झालेला नसेल, तर एका भावाने केलेली विक्री पुढे वादात सापडते.

दुसरा कागद म्हणजे जमीन सर्वेक्षणाचा नमुना १ व १४, ज्याला बोलताना आपण 'वन फोर्टीन' म्हणतो. हा कागद हातात घेऊन सावकाश वाचावा. एका रकान्यात कब्जेदारांची नावे असतात. विकणाऱ्याचे नाव तेथे आहे का आणि त्याच्याबरोबर आणखी कोणाचे आहे ते पाहावे. दुसऱ्या रकान्यात कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे, नाव असते. तेथे नाव असेल तर १९६४ च्या कूळ कायद्याचा प्रश्न उभा राहतो. तिसरा रकाना इतर हक्कांचा, आणि पुष्कळदा मुंडकाराची नोंद तेथेच सापडते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले आहे आणि आपले घर व त्याखालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. त्या संरक्षणामागे या भूमीतल्या गरिबांचा मोठा इतिहास आहे, आणि विकत घेणाऱ्याने त्याला अडचण न मानता वस्तुस्थिती म्हणून समजून घेतले पाहिजे. शहरी हद्दीत नमुना १ व १४ ऐवजी नमुना डी पाहावा लागतो. या सर्वेक्षणाच्या नोंदी महत्त्वाच्या असल्या तरी मालकीचा अंतिम पुरावा नसतात. त्यासाठी मूळ खरेदीखत, जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतली नोंद आणि वारसांचे दस्त यांची साखळी जुळावी लागते.

ही भीती कल्पनेतली नाही. मालक परदेशी असलेल्या किंवा मालक वारलेल्या जमिनी खोट्या जुन्या कागदांच्या आधारे बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ साली राज्य सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. म्हणून निदान तीस वर्षांचा मालकीचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा. बिल्डरने सुचवलेला वकील कितीही सज्जन असला तरी त्याचे अशील बिल्डर असतो.

इमारतीच्या बाबतीत जमिनीच्या रूपांतराची सनद (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद), मंजूर नकाशा आणि ऑक्युपन्सीचा (इमारतीत राहण्यास परवानगीचा) दाखला पाहावा. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर त्याची रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. मुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आणखी एक बाब पुष्कळांना व्यवहार झाल्यावर कळते: विकणारा करासाठी अनिवासी असेल तर किमतीतून कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, आणि तो कापला नाही तर आयकर खाते वसुलीसाठी घेणाऱ्याकडेच येते.

अकरा महिन्यांचा करार कशासाठी?

एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. तो खर्च आणि खेप टाळण्यासाठी अकरा महिन्यांची मुदत रूढ झाली. अशा कराराला बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात, म्हणजे जागेत हक्क निर्माण न करता ती वापरण्याची दिलेली परवानगी. मात्र शीर्षक काय आहे यापेक्षा प्रत्यक्षात कोणता हक्क दिला गेला, हे न्यायालय पाहते. राहणाऱ्याला खरोखर भाडेकरू मानले गेले तर १९६८ चा गोव्याचा इमारत भाडे नियंत्रण कायदा लागू होऊ शकतो, आणि मग कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय व भाडे नियंत्रकासमोरच्या सुनावणीशिवाय घर रिकामे करून घेता येत नाही. पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर चालत आलेल्या जागा याच संरक्षणातून राहिल्या आहेत.

यावर उपाय म्हणजे काळजीपूर्वक लिहिलेला करार. रक्कम, अनामत, मुदत, सूचनेचा काळ, मेन्टेनन्स कोणी भरायचा, भिंतीला खिळा ठोकावा की नाही, कुठली दुरुस्ती कोणाची, हे सगळे त्यात यावे. ताबा देताना वीज मीटरचे आकडे आणि सामानाची यादी छायाचित्रांसह दोघांनी सही करून ठेवावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणे गोव्यात कायद्याने बंधनकारक आहे, आणि परदेशी व्यक्ती राहायला आली तर चोवीस तासांच्या आत ठरलेल्या फॉर्मवर ते सरकारला कळवावे लागते. हे राहून गेले आणि त्या घरात उद्या काही गुन्हा घडला, तर पहिला प्रश्न मालकालाच विचारला जातो.

भाडेकरू निवडताना जात, धर्म, आहार किंवा लग्न झाले आहे की नाही यावरून नकार देण्याची आपल्याकडची पद्धत मला माणूस म्हणून चुकीची वाटते, आणि हिशेबाच्या दृष्टीनेही ती तोट्याची आहे. नियमित पगार आहे का आणि आधीच्या घरमालकाचा अनुभव काय, या दोन प्रश्नांची उत्तरे भाडे वेळेवर येईल की नाही हे जेवढे सांगतात, तेवढे बाकी काहीही सांगत नाही.

'बारा वर्षांनी भाडेकरू मालक होतो' हे खरे का?

ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्या धाकाने कित्येक घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. बारा वर्षांचा जो नियम आहे तो मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलगपणे ठेवलेल्या ताब्याविषयी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो आणि भाडे देऊन त्याची मालकी मान्य करतो; त्यामुळे केवळ वर्षे उलटली म्हणून तो मालक होत नाही. खरा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. काहीही न लिहिता, भाडे न घेता, ओळखीच्या माणसाला 'राहा आणि घर सांभाळ' म्हणून ठेवले की काही वर्षांनी तो कोणत्या नात्याने राहत होता हे सिद्ध करणे कठीण होऊन बसते. रखवालदार किंवा नातेवाईक असला तरी दोन पानांचा करार करावा आणि पैसे बँकेतूनच द्यावेत-घ्यावेत.

पर्यटकांना दिले तर दुप्पट मिळेल ना?

एका रात्रीचे ४,००० रुपये ऐकले की महिन्याच्या २५,००० चे भाडे क्षुल्लक वाटू लागते. तोच फ्लॅट पर्यटकांसाठी सजवला आणि वर्षातल्या ४० टक्के रात्री भरला असे मानू. १४६ रात्रींचे ५,८४,००० रुपये होतात. किल्ली देणे, पाहुण्यांचे फोन घेणे, साफसफाई करवून घेणे यासाठी नेमलेल्या व्यवस्थापकाचा चौथा हिस्सा १,४६,०००. आरक्षणाच्या संकेतस्थळाचे पंधरा टक्के धरले तर ८७,६००. वीज व इंटरनेट ६०,०००. धुलाई व सफाई ६०,०००. मेन्टेनन्स व घरपट्टी ४१,०००. मोडतोड व बदली सामान ५०,०००. हे सर्व गेल्यावर १,३९,४०० उरतात, म्हणजे कायम भाडेकरूपेक्षा कमी, आणि सजावटीला घातलेले पैसे वेगळेच. वर्षातल्या ६० टक्के रात्री भरल्या तर उरणारी रक्कम अडीच लाखांच्या पुढे जाते. म्हणजे सारा खेळ किती रात्री भरतात यावर आहे. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात कळंगुट-कांदोळीत कोणाचेही घर भरते. जुलैच्या मंगळवारी ते भरते का, हा प्रश्न व्यवस्थापन कंपनीला विचारावा आणि उत्तर मागील वर्षाच्या हिशेबाच्या कागदावर मागावे.

शिवाय पर्यटकांना घर देणे हा १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालचा व्यवसाय आहे आणि पर्यटन खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय तो करता येत नाही. सोसायटीच्या उपविधींत मनाई आहे का, हेही आधी पाहावे. आणि मनाई नसली तरी शेजारी आहेत. रात्री दोन वाजता जिन्यात बॅगा ओढणारी दर आठवड्याची नवी माणसे, कुठेही टाकलेला कचरा आणि मार्चपासून कमी पडणारे पाणी यांचा त्रास ज्यांना होतो ते आपल्याच गावचे लोक असतात. ग्रामसभांत यावर होणारी भांडणे मला पूर्णपणे रास्त वाटतात.

पावसाळ्याचा खर्च

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चार महिने बंद राहिलेल्या फ्लॅटचे दार ऑक्टोबरात उघडले की काय दिसते ते किनाऱ्याजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गादीवर हिरवट ठिपके, प्लायवूडच्या कपाटाचा फुगून न मिटणारा दरवाजा, सरकत्या खिडकीच्या खाचेत साचून आत उतरलेले पाणी, पश्चिमेच्या भिंतीवर पापुद्रे धरलेला रंग आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेला एसीचा बाहेरचा भाग. रिकामे घर वापरातल्या घरापेक्षा लवकर खराब होते, हा यातला मुख्य मुद्दा आहे. अधिक भाड्याच्या आशेने घर चार-सहा महिने रिकामे ठेवणाऱ्याचे नुकसान बुडालेल्या भाड्यापुरतेच राहत नाही.

गळतीचा वाद वेगळा. गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या, आतले नळ आणि फरशा मालकाच्या, ही विभागणी कागदावर सोपी दिसते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्याच्या छतात उतरणारे पाणी ही विभागणी मानत नाही. म्हणून मे महिन्यात दर वर्षी एकदा प्लंबर आणि रंगारी यांना घेऊन घर पाहून यावे. मालक पुण्यात किंवा दुबईत असेल तर हे काम करणारे माणूस पैसे देऊन ठेवावे लागते, आणि तो खर्च वरच्या दोन टक्क्यांतूनच जातो.

कर कसा लागतो?

कायम भाड्यावर घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही झाला असला तरी तेवढीच. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे २,७५,००० धरले तर करपात्र रक्कम १,८९,००० होते, म्हणजे हातात उरलेल्या १,७९,००० पेक्षाही जास्त. कर्ज असेल तर व्याजाची वजावट असते, पण नव्या करपद्धतीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. गोव्यातल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली विवाह झालेल्या दांपत्याच्या बाबतीत पगार सोडून इतर उत्पन्न, भाडे धरून, दोघांत निम्मे-निम्मे विभागून दाखवायचे असते. पत्नीला स्वतःचे उत्पन्न नसेल तर यामुळे कर कमी होतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या आणि त्या पद्धतीखाली न येणाऱ्या दांपत्याला हा नियम लागू नाही.

'पण किंमत तर वाढतेच आहे ना?'

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. मात्र वाढते ती मुख्यतः जमिनीची किंमत. इमारत जुनी होत जाते, आणि फ्लॅटधारकाच्या वाट्याला जमिनीचा लहानसा अविभक्त हिस्सा येतो. वाढलेली किंमत विक्री झाल्यावरच हाती लागते, आणि तेव्हा शेजारच्या नव्या प्रकल्पातले चकचकीत फ्लॅट स्पर्धेला असतात. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर आता साधारणपणे १२.५ टक्के कर आहे. औषधोपचारासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी पैसे लागले तर घराची एक खोली तेवढी विकता येत नाही, ही अडचण निवृत्त माणसाने विशेष लक्षात घ्यावी.

इतके जमेला धरूनही ज्यांना घ्यायचेच आहे, त्यांनी पर्यटनाच्या पट्ट्यापेक्षा नोकरदारांच्या पट्ट्यात पाहावे असे माझे मत आहे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, ताळगाव पठारावरचे विद्यापीठ आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत यांच्या आसपास बाराही महिने राहणाऱ्या माणसांना घरे लागतात. घर आपल्या राहत्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असावे आणि सहा महिने रिकामे पडले तरी घरखर्च अडू नये. बयाणा देण्यापूर्वी एकदा भर जुलैत ती इमारत पाहावी, गच्चीवर जावे, सोसायटीच्या सचिवाला थकबाकी आणि गळती विचारावी आणि त्याच इमारतीतल्या दोन भाडेकरूंशी बोलावे; ते भाड्याचा खरा आकडा सांगतात.